मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो भारी?

सहलीसाठी छोटा कॅमेरा घ्यायला सोलापुरात नवी पेठेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती मेगापिक्सेल (म्हणजे फोटोत किती दशलक्ष ठिपके)? जितके जास्त तितका फोटो चांगला, हा समज चुकीचा आहे. 6 बाय 4 इंची प्रिंटला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) सुमारे 2 मेगापिक्सेल पुरतात, ए-फोरला 9. खरा फरक सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा. स्वस्त कॉम्पॅक्टमधला 1/2.3 इंची सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, ‘एक इंची’ 13.2 बाय 8.8 (नावात इंच असला तरी तो इंचभर नसतोच!). क्षेत्रफळ चौपट. गड्डा यात्रेत अंधार पडल्यावर हा फरक लगेच कळतो: इवल्या सेन्सरवर 20 मेगापिक्सेल कोंबले तरी फोटोत दाणे उमटतातच. आणि डिजिटल झूम? ती नुसती कात्री: फोटोचा मधला भाग कापून मोठा करते. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा झूम किती, ते विचारा.