केस टूल असलं की विश्लेषण लागत नाही?

केस टूल म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा आकृत्यांनी मांडायला मदत करणारं साधन; विश्लेषण म्हणजे त्याआधी ते काम प्रत्यक्षात कसं चालतं हे समजून घेणं. ‘केस टूलमध्ये आकृती काढली की सॉफ्टवेअर आपोआप तयार होतं, मग विश्लेषण कशाला?’ मराठवाड्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्टच्या दिवसांत हे हमखास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे आणि त्यात मुलांचं नुकसान होतं.

1980 च्या दशकात ही साधनं अशाच आश्वासनांवर विकली गेली. 1989 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीने मोठ्या थाटात जाहीर केलेली, अशी साधनं एकत्र जोडण्याची एडी-सायकल योजना काही वर्षांतच मागे पडली. समज मात्र टिकला.

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडतीसाठी प्रणाली करायची आहे. तुम्ही शेतकरी, माल, पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब) अशा चौकटी काढल्या आणि एका पट्टीला एकच भाव ठेवला. टूल क्षणात डेटाबेसची टेबलं (माहिती साठवायचे तक्ते) करून देईल, तुटलेला दुवा दाखवेल. हे काम ते माणसापेक्षा चोख करतं, म्हणून ते जरूर शिका.

पण सोयाबीनच्या दिवसांत मोंढ्यात जाऊन उभं राहा. एकाच शेतकऱ्याचे दोन ढीग: एक वाळलेला, दुसरा पावसात भिजलेला. भाव दोन, पट्टी एक. शिवाय हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. हे टूलला कोण सांगणार? चुकीची आकृती ते तितक्याच इमानाने चुकीच्या टेबलांत उतरवतं.

टूलचा खरा फायदा नंतर कळतो. पट्टीत दोन भाव घ्यायचे ठरले, की आकृतीत एक चौकट वाढवायची. टेबलं आणि कागदपत्रं दोन्ही एकाच ठिकाणाहून बदलतात. त्याआधी मुनिमाजवळ बसून दहा-वीस जुन्या पट्ट्या नीट वाचाव्याच लागतात.