पाच रकाने आणि अडुसष्ट लिंगं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘जगातील प्रमुख धर्म’ असा पेपर होता. पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर तक्ता आखला. डावीकडे एकाखाली एक हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती, इस्लाम, शीख. वर पाच रकाने: संस्थापक, धर्मग्रंथ, मुख्य शिकवण, प्रार्थनास्थळ, सण. वहीच्या मधल्या जोडपानावर पट्टीने रेघा मारून मी तो उतरवून घेतला. हिंदू धर्मापुढे ‘संस्थापक’च्या चौकटीत मॅडमनी आडवी रेघ ओढली आणि त्या पुढे गेल्या. संध्याकाळी आज्जीने चष्मा लावून, एकेका चौकटीवर बोट ठेवत तो तक्ता वाचला आणि विचारलं, “ह्यात आपल्या सिद्धरामाला कुठं बसवलंस गं?”

मला बसवता आलं नाही. मग हा तक्ता मुळात आखला कुणी, या प्रश्नाच्या मागे लागले. वर्षभर जे हाती आलं ते इथे मांडते. सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी आज्जीचा सिद्धराम. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे या गावाचं ग्रामदैवत. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या ओढीने घर सोडून गेलेला हा मुलगा परत आला, त्याने तळं खोदवलं, देऊळ उभारलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, असं परंपरा सांगते. पुढे संत अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर ते कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या शरणांत, म्हणजे शिवभक्तांच्या मेळ्यात, गेले. त्यांची वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर रचना, कन्नडमध्ये आहेत आणि त्यांत ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराची खूण, येते. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंचच उंच काठ्या कमरेवर तोलून अडुसष्ट लिंगांची वाट चालतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावू दिलं, त्याची ही आठवण.

आता हे तक्त्यात भरून पाहा. संस्थापक म्हणावं तर सिद्धरामेश्वरांनी नवा धर्म काढला असं आज्जी कधीच म्हणणार नाही. धर्मग्रंथ म्हणून वचनं लिहावीत, तर यात्रेत पोथी उघडून कुणी बसत नाही. शिवाय ओळ कुठली धरायची? लिंगायत हा हिंदूंतला पंथ की स्वतंत्र धर्म, हा वाद अजून चालूच आहे. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने स्वतंत्र दर्जाची शिफारस केली तेव्हा आमच्या घरातही त्यावर दोन तट पडले होते. पण त्या वादातल्या दोन्ही बाजूंची माणसं काठी आली की दारात पाण्याची घागर घेऊन उभी राहतात. तक्त्यात या घागरीला जागा नाही.

हा साचा आला युरोपातून, तोही फार जुना नाही. १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये माक्स म्युलर यांनी ‘धर्माचं विज्ञान’ या विषयावर व्याख्यानं दिली. एकच धर्म जाणणारा एकही धर्म जाणत नाही, हे त्यांचं सूत्र तिथलं. जर्मन कवी गटेने भाषांबद्दल जे म्हटलं होतं ते त्यांनी धर्मांना लावलं. म्युलर मूळचे भाषाशास्त्रज्ञ, सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढणारे. भाषांची जशी कुळं लावतात तशी धर्मांचीही लावता येतील, असा त्यांचा विश्वास होता, आणि भाषा जशी ग्रंथांतून अभ्यासायची तसाच धर्मही. १८७९ पासून ऑक्सफर्डहून निघालेली पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची त्यांची माला १९१० पर्यंत पन्नास खंडांची झाली. ज्याच्यापाशी पोथी तो धर्म, ही समजूत त्या कपाटात पक्की झाली. म्युलर भारतात एकदाही आले नाहीत. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, पण काठीपुढचा हलगीचा आवाज पन्नास खंडांत येऊ शकत नव्हता.

त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनला कॉर्नेलिस टीले यांनी धर्मांची वर्गवारी केली. त्यांच्या हिशेबाने साऱ्या जगासाठी असलेले धर्म तीनच: बौद्ध, ख्रिस्ती आणि इस्लाम. बाकीचे आपापल्या लोकांपुरते. पुढे ही यादी वाढत गेली. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली, तिथे विवेकानंदांच्या बरोबरीने जैनांच्या वतीने वीरचंद गांधी आणि मुंबईचे ब्राह्मोसमाजी बी. बी. नगरकर बोलले. व्यासपीठावर ज्याला प्रतिनिधी पाठवता आला, त्याचा धर्म यादीत ठसठशीत दिसू लागला. इकडे इंग्रजी जनगणनेने १८७१-७२ पासून प्रत्येक माणसापुढे धर्माचा रकाना ठेवलाच होता.

म्युलर यांच्या त्या पन्नास खंडांच्या कपाटात काय नव्हतं, ते शोधताना मात्र मी पुन्हा सोलापुरातच येऊन पोचले. हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. ऑक्सफर्डच्या मालेत जैन सूत्रांचे दोन खंड आहेत, हर्मान याकोबी यांनी १८८४ आणि १८९५ मध्ये केलेले. दोन्हींतली सूत्रं श्वेतांबर परंपरेची. सोलापूरचा जैन समाज मुख्यतः दुसऱ्या, दिगंबर पंथाचा, आणि दिगंबरांचा सर्वांत जुना ठेवा, षट्खंडागम हा ग्रंथ आणि त्यावरची धवला टीका (म्हणजे भाष्य), कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या भांडारात जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्रांवर बंद होता. यात्रेकरूंना तो लांबून दर्शनापुरता दिसायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नकला व्हाव्यात म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे हे वडील. पुढे १९३९ पासून हिरालाल जैन यांनी अमरावतीहून ती टीका छापायला घेतली. आणि सोलापुरातच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली मिळकत देऊन जैन संस्कृति संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी केली. मालेतला पहिला ग्रंथ यतिवृषभांची ‘तिलोयपण्णत्ती’, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादलेली. पहिला भाग १९४३ चा.

तो मी ग्रंथालयात हातात घेतला. बांधणी सैल झालेली, कडा पिवळ्या. वर प्राकृत गाथा, खाली हिंदी अर्थ, तळाला पाठभेद. त्रैलोक्याची मापं, समुद्रांची रुंदी, स्वर्गांची उंची, सगळं अंकांत. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण आपल्या गल्लीपासून चार पावलांवर बसून लोकांनी दोन-दोन हस्तलिखितं समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं, आणि ऑक्सफर्डच्या यादीत राहून गेलेली जागा चादरींच्या या गावात भरली गेली, हे कळल्यावर मी ते पुस्तक बराच वेळ खाली ठेवलं नाही.

परक्या धर्माचा अभ्यास ही गोष्टही युरोपाने आपल्याला पहिल्यांदा शिकवली असं नाही. आठव्या शतकात हरिभद्रसूरी या जैन आचार्यांनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला. त्यातही सहाच, पण वेगळे सहा: बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक, जैमिनीय. प्रत्येक दर्शन त्याच्या-त्याच्या शब्दांत मांडायचं, हा त्यांचा शिरस्ता. आणि मराठीत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ आहेच. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढत कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकात हे भारूड लिहिताना नाथांना दोन्हीकडचे आक्षेप नेमके माहीत होते. शेजारी राहिल्याशिवाय असलं भांडण लिहिता येत नाही.

मराठी मुलखात या अभ्यासाला आधुनिक वळण लागलं तेव्हा तो नुसता ग्रंथांपाशी थांबला नाही. जोतीराव फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका कुटुंबाचं चित्र आहे. आई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारते, वडील बायबल वाचून ख्रिस्ती होतात, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली एकमेकांचा द्वेष न करता राहतात. माझ्या तक्त्यातल्या तीन ओळी आणि तक्त्यात नसलेली चौथी फुल्यांनी एका चुलीपाशी बसवल्या होत्या. आणि मुलगी स्वतः वाचून ठरवते, हे १८९१ मध्ये छापलेलं वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते धर्मांचा तौलनिक अभ्यास करायलाच. १९०३ मध्ये परतल्यावर प्रार्थना समाजाचं काम हाती घेतलं आणि १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी संस्था उभी केली. धर्म शिकून आलेला माणूस परीक्षा घेत बसला नाही, वस्तीत गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला १९३५ मध्ये हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं धर्म तपासण्यात गेली. ज्या प्रश्नाचं उत्तर लाखो माणसांचं आयुष्य बदलणार होतं, त्याचा एवढा दीर्घ अभ्यास दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. माझ्या वर्गातल्या बुधवार पेठेतल्या मैत्रिणीच्या घरी बौद्ध धर्म ही परीक्षेतली ओळ नाही, आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेला दिवस आहे.

मग हे सगळं आम्हाला शाळेत का भेटलं नाही? इथे कायद्याची पार्श्वभूमी आहे. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. फाळणीच्या आगीतून बाहेर पडताना हे कलम आलं, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. पण धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने कॉलेजच्या पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, महंमद, कबीर, नानक अशांची चरित्रं शिकवावीत असं सुचवलं होतं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती अभ्यासक्रमात असावी म्हटलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास कलम २८ ला बाधक नाही, असा निकाल दिला. तरी शाळा या विषयाला हात लावायला बिचकतात. भीती समजण्यासारखी आहे. त्याची किंमत अशी की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना शेजारच्या घरातल्या रोज्याचा अर्थ विसाव्या वर्षी कळला.

यंदा यण्णीमज्जनाच्या दिवशी मी नंदीध्वजांमागे चालले. तारीख १२ जानेवारी. याच तारखेला १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्याला फाशी दिली गेली. एका लिंगापाशी मिरवणूक थांबली, लिंगाला तेल लागलं, बायकांनी घागरी रित्या केल्या, “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” झालं आणि काठ्या पुन्हा उचलल्या. दुपारनंतर पाय दुखायला लागले तेव्हा मी घरी परतले.

रात्री वही काढून तक्त्याला उजवीकडे पेनाने सहावा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘लोक काय करतात’. आज्जीला म्हटलं, सांग. ती म्हणाली, लिही, यण्णीमज्जन. मला त्या शब्दाची फोडही माहीत नव्हती. “यण्णी म्हंजे तेल, मज्जन म्हंजे न्हाणं,” आज्जी म्हणाली, “कानडी हाय ते. आता पुढचं लिही.”