सिगारेट नेमकं कुठलं टेन्शन घालवते?

दुपारी चारच्या सुमाराला लोअर परळच्या कुठल्याही ऑफिसखालची टपरी बघा. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सुटी सिगारेट आणि तोंडी एकच वाक्य : ‘डोक्याला ताप झालाय, म्हणून खाली आलो.’ (सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. असो.)

झुरका मारल्यावर बरं वाटतं, हे खोटं नाही. निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, तिथल्या ग्राहींना (पेशींवरच्या, निकोटीन जिथे जाऊन बसतं त्या जागांना) चिकटतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. गोची पुढे आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूने तोवर ग्राहींची संख्या वाढवून ठेवलेली असते. ते रिकामे राहिले की चिडचिड, बेचैनी, उदासी सुरू होते, कामात लक्ष लागत नाही. नैराश्याची लक्षणंही बरीचशी हीच. पुढची सिगारेट पेटली की ही उदासी जाते आणि श्रेय सिगारेटला मिळतं. पाकीटमारानेच तिकिटापुरते दहा रुपये परत करावेत आणि आपण त्याचे आभार मानावेत, तसला हा व्यवहार.

मग आधी काय, नैराश्य की सिगारेट? खचलेला माणूस सिगारेटकडे वळतो, हे खरंच. पण धूम्रपानाने नैराश्याचा धोका वाढतो, असंही जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांतून दिसतं. मला जास्त बोलका वाटतो तो सोडणाऱ्यांचा पुरावा. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण, तिन्ही कमी झालेले दिसले. सुधारणा नैराश्यावरच्या गोळ्यांच्या तोडीची होती आणि आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तेवढीच. मन सावरलं म्हणून काहींना सिगारेट सोडता आली, असंही असू शकेल. निरीक्षणांवरच्या अभ्यासात ही शंका उरतेच. आणि यावरून कुणी आपली गोळी बंद करू नये.

सोडल्यावरचे पहिले काही दिवस वाईटच जातात. मग दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. पण बरेच जण त्याआधीच ‘आपल्याला नाही झेपत’ म्हणून पुन्हा टपरी गाठतात. तेवढा काळ निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगम किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध आधार देतं. त्यातलं ब्युप्रोपिऑन तर मुळात नैराश्यावरचंच. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशनही मिळतं.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. धुरातली काही रसायनं यकृतातलं कॅफिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) वाढवतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन लवकर निघून जातं. सिगारेट सुटली की नेहमीचीच कॉफी जास्त चढते. छातीत धडधड होते, झोप उडते आणि माणूस सिगारेट सोडल्याला दोष देतो. अशा वेळी कॉफी निम्मी करून बघावी. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरची ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही औषधंही हेच विकर मोडतं आणि सिगारेट सुटली की ती शरीरात जास्त साठतात, म्हणून ती घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना सांगायला हवं; डोस कमी करावा लागू शकतो.