वाट्यातला बांगडा किती महिन्यांचा?

पणजीच्या बाजारात मासळीवाली वाटे घालताना बांगडे हातानेच निवडते: मोठे इकडे, लहान तिकडे. आकारानं केलेली ही वाटणी बरेचदा वयाचीही असते.

तरी एकच बांगडा उचलून मोजपट्टीवर ठेवला, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर भरला, तर त्यावरून वय सांगता येत नाही. तीनशे-चारशे मापले, की सांगता येऊ लागतं.

थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या खड्यावर वर्षागणिक वलयं उमटतात. आपलं पाणी बारमाही उबदार, त्यामुळे ती वाचणं अवघड. मग उरते लांबी. एका हंगामात जन्मलेली पिल्लं साधारण बरोबरीनं वाढतात. कोणत्या लांबीचे किती मासे, असा आलेख काढला की प्रत्येक पिढीची एक टेकडी उभी राहते. डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन यांनी १८९०च्या दशकात ही वाट दाखवली.

पण शेजारच्या टेकड्या एकमेकींत मिसळतात. त्या सुट्या करायची युक्ती सी. जी. भट्टाचार्य या भारतीय संख्याशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडली. समजा, १४ ते १९ सेंटिमीटरच्या गटांत अनुक्रमे ८, ३२, ६४, ६४, ३२, ८ मासे मिळाले. प्रत्येक संख्येला आधीच्या संख्येनं भागा: ४, २, १, अर्धा, पाव. दर पायरीला निम्मं! या गुणोत्तरांचे लॉगरिदम मांडले की सरळ उतरती रेषा येते. ती शून्याला छेदते तिथे (गुणोत्तर १ असलं की लॉगरिदम शून्य), म्हणजे १६ आणि १७ यांच्या मधोमध साडेसोळावर, या पिढीची सरासरी लांबी. रेषा मोडून गुणोत्तर पुन्हा चढलं, तर पुढची पिढी लागली. कागद-पेन्सिलीवर होणारं इतकं देखणं गणित मी फार थोडं पाहिलंय.

टेकडी सापडली म्हणजे वय कळलं, असं मात्र नाही. दर महिन्याला मापत राहावं लागतं. टेकडी किती पुढे सरकली त्यावरून वाढीचा वेग, आणि वेगावरून वय. मोठ्या माशांची वाढ मंदावते, त्यांच्या टेकड्या चिकटून जातात. शिवाय मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, जाळ्यातून लहान मासे निसटतात, मग आलेखात समुद्र कमी आणि जाळंच जास्त दिसतं.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेवढे दोन महिने मापं तुटतात. ऑगस्टमध्ये मालिम जेटीवर पहिल्या बोटी लागल्या, की मे महिन्यातली टेकडी आता कुठवर पोचली, हे आधी शोधायचं असतं.