रूळ दुपटले, गेटाचे काय?

मिरजेहून बेळगावला येणारी पॅसेंजर एकेरी रुळांच्या काळात मध्येच एखाद्या छोट्या स्टेशनावर ताटकळायची. कारण असायचे क्रॉसिंग. दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि त्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरची गाडी बाहेर पडेपर्यंत दुसरीने लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, थांबायचे.

टप्पा १० किलोमीटरचा आणि मालगाडीचा वेग ताशी ४० धरा. तिला १५ मिनिटे लागतात, लाइन क्लिअर, म्हणजे टप्पा मोकळा असल्याची परवानगी, घेण्यादेण्यात आणखी ५. दिवसाची १४४० मिनिटे भागिले २०, म्हणजे ७२ गाड्या. प्रत्यक्षात त्यातला ७० टक्केच वेळ हाती लागतो असे धरतात, म्हणून सुमारे ५०, त्याही दोन्ही दिशांच्या मिळून. साऱ्या मार्गाचा आकडा ठरतो तो सर्वांत जास्त वेळखाऊ टप्प्यावर. एक्स्प्रेसचा वेग वाढवून या हिशेबात काही फरक पडत नाही. मालगाडी तशीच रेंगाळते. दुसरा रूळ पडला की तेवढ्या गाड्या एकेका दिशेला मिळतात आणि क्रॉसिंगचा थांबा संपतो.

पण रूळ टाकणे हे कामातले सोपे अंग. अवघड आहे ती माती. कुडची-रायबागकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुना भराव वर्षानुवर्षे दबून बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोघांच्या सांध्यावर चीर पडते, पाणी मुरते आणि रूळ एका अंगाला झुकतो. म्हणून जुन्या भरावाच्या उतारावर आधी पायऱ्या खोदतात, नवी माती थराथराने रोलरखाली दाबतात आणि माथ्यावर निवडक मुरमाचा थर देतात. त्यावर साधारण ३५ सेंटिमीटर खडी, किलोमीटरला १६६० काँक्रीट स्लीपर आणि मीटरला ६० किलो वजनाचा रूळ.

एवढे झाले की बेळगावच्या दोन अंगांच्या सांबरा ते देसूर स्टेशनांमध्ये लोकल धावेल, असे वाटते. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली मेमू, म्हणजे विजेवरची लोकल, आणली तर इंजिन फिरवण्याचा वेळही वाचतो. मात्र परत निघेपर्यंत उभे राहायला तिला स्वतंत्र लूप हवी, नाहीतर ती मुख्य मार्ग अडवून बसते.

खरी अडचण बेळगावातल्या टिळकवाडीसारख्या भरवस्तीत, जिथे लोक पत्तासुद्धा ‘पहिल्या गेटाजवळ’, ‘दुसऱ्या गेटाजवळ’ असा सांगतात. इंटरलॉक केलेले गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. ब्रेक लावून थांबायला गाडीला बरेच अंतर लागते, त्यामुळे ती निदान किलोमीटरभर लांब असतानाच गेट पाडावे लागते. दर अर्ध्या तासाला दोन्हीकडून एकेक लोकल, म्हणजे तासाला ४. प्रत्येकीला ५ मिनिटे धरली तर तासातली २० मिनिटे रस्ता बंद. मालगाड्या वेगळ्याच: ७०० मीटरची गाडी ताशी ३० ने गेली, तर नुसते गेट ओलांडायलाच तिला जवळजवळ दीड मिनिट लागते.

यावर उड्डाणपूल हा उपाय आहे, पण तो जागा खातो. विजेच्या तारांमुळे रुळांवर साधारण साडेसहा मीटर मोकळी उंची सोडावी लागते. गर्डरची जाडी मिळवली की रस्ता ८ मीटर वर जातो. ३० मीटरला १ मीटर चढ दिला, तर एकेका बाजूचा उतार २४० मीटर. त्याखालची दुकाने आणि कडेच्या घरांची दारे कुठे उघडायची, हे आराखड्यावर पहिली रेघ ओढण्याआधी ठरलेले बरे.