बाई, कोलांटी कधी?

पी.टी.च्या तासाला "आज कोलांट्या" म्हटलं की दुसरीचा निम्मा वर्ग सतरंजीवर पोचलेला असतो. पोटात गोळा येतो तो बाईंच्या. ठाण्या-कळव्याकडे पावसाळ्यात मैदानात चिखल, मग बाकं भिंतीला सारून वर्गातच तास घ्यायचा. गणित, मराठी, परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईच खेळही घेतात. डी.एड.नंतर स्वतः कोलांटी कोण मारतंय? त्यात एखाद्याची मान लचकली तर पालक दारात उभे.

ही भीती उगाच नाही. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. सात वर्षांचं मूल या दोहोंच्या मधे असतं: डोकं मोठं, मान अजून नाजूक. म्हणून कोलांटीत टाळू जमिनीला टेकता कामा नये. हनुवटी छातीला चिकटवायची, भार दोन्ही तळव्यांवर घ्यायचा, कंबर डोक्याच्या वर जाऊ द्यायची; मग आधी टेकतात ते खांदे आणि पाठ. अंग जितकं आखडून घ्याल तितकं भरभर फिरतं. पाय मधेच ताणले की वेग मंदावतो आणि पोर पाठीवर आडवं होऊन हसत बसतं. एका गादीखाली दुसरी घट्ट दुमडून सारली की उतार होतो. उतारावर गुरुत्वाकर्षण मदतीला येतं, हातांना कमी रेटावं लागतं. हनुवटी सुटू नये म्हणून तिच्याखाली रुमाल धरायला सांगावा; तो पडला की बाईंना लांबूनही कळतं.

एवढं वाचून धीर येतो का? थोडाच. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली सापाला प्रचंड घाबरणाऱ्या माणसांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी दुसऱ्याला साप हाताळताना फक्त पाहिलं. काहींनी मदत घेत, पायरीपायरीने, स्वतः हाताळला. आत्मविश्वास दुसऱ्या गटाचा जास्त वाढला. पाहून येणारा धीरही पाहणाऱ्याला "ही माझ्यासारखीच" वाटलं तर अधिक येतो. म्हणून प्रशिक्षणाला राज्यपातळीचा जिम्नॅस्ट बोलावून त्याच्या हवेतल्या गिरक्या दाखवणं मला फुकट वाटतं. टाळ्या पडतात, बाई मात्र "हे आपल्याला जमायचं नाही" म्हणत घरी जातात. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी साडीचा पदर खोचून मुलांना गुडघे कवटाळून पाठीवर डोलायला शिकवलेलं पाहणं जास्त कामाचं.

सुरुवातही त्या डोलण्यानेच करावी. पुढच्या आठवड्यात उतार, जमलं की सपाट गादी. एका वेळी एकच मूल, आणि मानेला हात लावून ढकलायचं नाही. दोन कोलांट्यांमध्ये थोडं थांबावं, कारण अंग थांबलं तरी कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव क्षणभर फिरत राहतो आणि चक्कर येते. सपाट गादीवरची उलटी कोलांटी मात्र प्रशिक्षकावर सोडावी. मागे फिरताना हात कमी पडले तर सगळा भार मानेवरून जातो.