सत्तावीसचे पोते आणि पंचेचाळीसचे पोते: मका व तांदूळ डीडीजीएसमधला फरक

सोलापूर जिल्ह्यात इथेनॉल म्हटले की डोळ्यांपुढे साखर कारखाना आणि मळी येते. मळीपासून इथेनॉल काढल्यावर जे उरते ते गडद सांडपाणी असते, ते गव्हाणीत टाकण्याची वस्तू नव्हे. पेंडीच्या दुकानात ‘डीडीजीएस’ नावाने मिळणारा माल धान्याचा असतो. धान्यातील पिष्टाचे यीस्टकडून मद्यार्कात रूपांतर झाल्यावर उरलेला चोथा आणि त्याबरोबरचा पाक एकत्र वाळवला की हा माल तयार होतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, त्या हंगामात मक्याचा वापर झपाट्याने वाढला, आणि आपल्याकडच्या दूध उत्पादकांच्या तोंडी हे चार अक्षरी नाव रुळले. अडचण अशी की एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ विकले जातात, एक मक्याचा आणि दुसरा तांदळाचा. दुकानदार त्यांना सत्तावीसचा आणि पंचेचाळीसचा म्हणतो, म्हणजे प्रथिनांच्या टक्क्यांवरून ओळखतो.

हे आकडे कुठून येतात ते पाहिले म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो. मक्यात साधारण ७० टक्के पिष्ट आणि ९ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल आणि ३०० किलोच्या आसपास डीडीजीएस मिळतो. पिष्ट निघून गेल्यामुळे बाकीचे घटक ढोबळमानाने तिप्पट दाट होतात आणि ९ टक्के प्रथिनांचे २७ टक्के होतात. कारखान्याने तेल वेगळे काढले नसेल तर ४ टक्के तेलही १० टक्क्यांच्या घरात जाते आणि सालीचा तंतू त्यातच राहतो. तांदळाचे तसे नाही. गिरणीतून निघालेल्या कणीवर कोंडा नसतो, अंकुर नसतो आणि तेल जवळजवळ नसते, त्यामुळे पिष्ट गेल्यावर मागे राहते ती मुख्यतः प्रथिनेच. म्हणून त्याचा आकडा ४२ ते ४५ पर्यंत चढतो, मात्र दर टनामागे मिळणारा चोथा मक्यापेक्षा कमी असतो. तांदळाच्या मालाची आवकही सरकारी साठा सांभाळणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाच्या तांदळावर बरीच अवलंबून असते. जुलै २०२३ मध्ये तो तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवले गेले आणि पुढे पुन्हा सुरू झाले, हे ज्यांनी त्या काळात पेंड खरेदी केली त्यांच्या लक्षात असेल.

तेव्हा तांदळाचा डीडीजीएस म्हणजे पेंडीच्या जागी बसणारा पदार्थ, तर मक्याचा डीडीजीएस अर्धा पेंडीच्या आणि अर्धा भरड्याच्या जागी बसणारा. किमतीचा हिशोब चुकतो तो नेमका इथे. समजा मक्याचा माल २० रुपये किलो, तांदळाचा २६ आणि मक्याचा भरडा २४ रुपये किलो आहे. हे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या बाजारातले दर घालून हाच हिशोब पुन्हा करावा. प्रथिनांच्या किलोमागे पाहिले तर मक्याच्या मालात ७४ रुपये पडतात आणि तांदळाच्या मालात ५८. एवढ्यावर थांबणारा पंचेचाळीसचे पोते उचलतो. पण गाईला नुसती प्रथिने खायला घालायची नसतात, आंबोण, म्हणजे पेंड आणि भरडा मिसळून केलेला खुराक, घालायचे असते. २० टक्के प्रथिनांचे १०० किलो आंबोण तांदळाच्या मालातून करायचे तर ३१ किलो तो आणि ६९ किलो भरडा लागतो आणि खर्च २,४६२ रुपये येतो. मक्याच्या मालातून केले तर ६१ किलो तो आणि ३९ किलो भरडा मिळून २,१५६ रुपयांत काम होते. ज्याची प्रथिने महाग दिसत होती तोच माल ३०६ रुपयांनी स्वस्त पडला, कारण त्याने महागड्या भरड्याची जागाही घेतली. भरडा स्वस्त झाला की पारडे उलटे फिरते, हेही विसरू नये.

अर्थात ६१ किलो हा आकडा कागदावरच शोभतो. मक्याच्या मालातले तेल कोटीपोटातील (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातील) तंतू पचवणाऱ्या जीवाणूंना जास्त झाले की दुधाची फॅट घसरते, म्हणून आंबोणात त्याचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांवर नेऊ नये असे माझे मत आहे. म्हशीचे दूध फॅटवर विकणाऱ्या पंढरपूरकडच्या मंडळींनी तर ही मर्यादा जास्त काटेकोरपणे पाळावी. मग व्यवहार्य मिश्रण निघते ते दोन्हींचे: ३० किलो मक्याचा माल, १६ किलो तांदळाचा आणि ५४ किलो भरडा. वरच्याच दरांनी त्याचा खर्च २,३१२ रुपये होतो. मीठ आणि खनिज मिश्रण यात धरलेले नाही.

आता पोत्यात हात घालू. चांगला मक्याचा डीडीजीएस सोनेरी पिवळा, थोडा खरबरीत आणि आंबूस गोडसर वासाचा असतो, त्यात सालीचे पापुद्रे दिसतात. रंग कॉफीसारखा आणि वास करपल्यासारखा असेल तर तो माल वाळवताना भाजला गेला आहे असे समजावे. भाजलेली प्रथिने प्रयोगशाळेच्या कागदावर पूर्ण २७ टक्के दिसतात, पण त्यातला एक भाग गाईच्या उपयोगाचा नसतो आणि शेणातून बाहेर पडतो. तांदळाचा माल मुळातच बारीक, भुरकट आणि तपकिरी असल्यामुळे रंगावरून त्याचा निवाडा करणे अवघड जाते आणि भेसळीला तिथेच वाव मिळतो.

ही भेसळ बहुधा युरियाची. प्रयोगशाळा ‘कच्ची प्रथिने’ थेट मोजत नाही, ती नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने या गुणाकारात त्याची ‘प्रथिने’ २८७ टक्के भरतात, म्हणजे १०० किलो मालात एक किलो युरिया मिसळला की कागदावरचा आकडा सुमारे अडीचने वाढतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका पोत्यावर मार्करने ‘४५’ लिहिलेले होते, लेबल मात्र नव्हते. त्याची मी घरीच ढोबळ परीक्षा केली. एका बाटलीत त्या पोत्यातला आणि दुसरीत खात्रीच्या पोत्यातला दोन चमचे माल घेतला, दोन्हींत कोमट पाणी, एकेक चमचा कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून झाकणे घट्ट लावली. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारे विकर असते. अर्ध्या तासाने झाकणे उघडली तेव्हा खात्रीच्या बाटलीला आंबूस वास होता आणि दुसरीने नाकात झिणझिण्या आणल्या. याला पुरावा म्हणता येत नाही. नमुना तपासायला देताना मात्र कच्च्या प्रथिनांसोबत युरियाचीही चाचणी लेखी मागावी, एवढी अक्कल त्यातून आली. रवंथ करणाऱ्या जनावराला थोडा युरिया पचतो हे खरे, पण खताला पेंडीचा भाव कोणी का द्यावा?

मक्याच्या मालाला दुसरा धोका आहे, तो बुरशीचा. पावसात भिजलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असेल तर आंबवण्याने ते नष्ट होत नाही आणि तेही प्रथिनांसारखेच तिप्पट दाट होते. मक्यात १० पीपीबी (अब्ज भागांत १० भाग) असेल तर चोथ्यात ३० होऊ शकते, आणि पशुखाद्याच्या भारतीय मानकात मर्यादा २० ची आहे. त्याचा काही अंश दुधात उतरतो, आणि दुधातील त्याच्या एम-१ या रूपासाठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. गाठी झालेले किंवा कुबट वासाचे पोते अर्ध्या किमतीतही घेऊ नये. ओला चोथा स्वस्त मिळतो, पण त्यात दोन तृतीयांश पाणी असते आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो तीन दिवसांत बिघडतो. कारखाना जवळ नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

एका बाबतीत मात्र दोन्ही पोती सारखीच उणी आहेत. दोन्हींत स्फुरद पुरेसे असते आणि कॅल्शियम जवळजवळ नसते, मक्याच्या मालात स्फुरद सुमारे ०.८ टक्के तर कॅल्शियम ०.१ टक्क्याहूनही कमी. एरवी हे खपून गेले असते, पण आपल्याकडे गळीत हंगामात जनावरे उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, असतात आणि वाढ्यातील ऑक्झॅलेट असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. त्यामुळे वाढे आणि डीडीजीएस एकाच वेळी चालू असतील तर आंबोणात २ टक्के खनिज मिश्रणाखेरीज १ टक्का कॅल्साइट पावडर (कॅल्शियमची दगडी भुकटी) घालावी, आणि शक्य असेल तर वाढ्याचा काही हिस्सा ज्वारीच्या कडब्याने भरून काढावा.